स्वयमवर आठ महिने: बुधवार, रात्री ११.५९

लिहायचं कारण आधी सांगते. गेल्या आठवड्यात घरातला टॅब बंद पडला. चार्जिंगची पिन सैल झाली होती. दोन दिवस वायर वाकडी धरून चालवला, तिसऱ्या दिवशी गेला तो गेलाच. मुलीच्या अकरावी-बारावीसाठी एका शिकवणी अ‍ॅपच्या कंपनीकडून घेतलेला हा टॅब. ३२ हजार रुपये, दोन वर्षांची मुदत, बारा हप्ते. विकायला दोघेजण भर पावसात गोव्यातल्या आमच्या केरी गावापर्यंत आले होते, अडीच तास बसले, चहा-पोहे झाले, सही घेऊनच उठले. बंद पडल्यावर मात्र हातात फक्त एक फोन नंबर. चौथ्या फोनला उत्तर मिळालं, "मॅडम, तुमची मुदत संपली आहे, टॅब दुरुस्त झाला तरी धडे दिसणार नाहीत. रिन्यू केलंत तर नव्या टॅबवर सवलत देऊ."

मुलगी आता बीएस्सीला आहे, तिला त्याची गरज नाही. पण त्यातले भूमितीचे काही धडे खरोखर चांगले होते, मला ते वर्गात दाखवायचे होते. मोजून पैसे दिले, हप्ता एकही चुकवला नाही, तरी धडे कुलपात आणि किल्ली त्यांच्या खिशात.

त्याच रात्री माझ्या जुन्या लॅपटॉपवर स्वयमवरचा एनपीटेलचा पायथनचा (कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगच्या एका भाषेचा) कोर्स उघडून पाहिला. ऑक्टोबरच्या शेवटी परीक्षा झाली, सर्टिफिकेट आलं, माझ्या दृष्टीने विषय संपला होता. तरी बाराही आठवड्यांची व्याख्यानं जागच्या जागी होती. शिकायला शून्य रुपये, परीक्षेला हजार. ३२ हजार आणि एक हजार हे दोन आकडे शेजारी लिहिले आणि झोप उडाली. म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

स्वयम म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ, हे बहुतेकांना माहीत असेलच. ते ९ जुलै २०१७ ला सुरू झालं. त्यावर कोर्स देणारं एनपीटेल त्याहून जुनं, २००३ चं, सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी मिळून उभं केलेलं. व्याख्यानांचा दर्जा, प्राध्यापकांची तयारी यावर इतरांनी भरपूर लिहिलंय आणि ते बरोबर आहे. मला बोलायचंय ते बुधवारबद्दल.

दर आठवड्याची असाइनमेंट बुधवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी बंद होते. एका मिनिटाने उशीर झाला तरी मार्क शून्य. आता आमच्या सत्तरी तालुक्यातला ऑगस्ट डोळ्यांपुढे आणा. मी इथल्या एका अनुदानित हायस्कुलात २३ वर्षं गणित शिकवते. पाऊस लागला की झाड तारेवर पडतं आणि लाइट जाते. लाइट गेली की राउटर जातो, आणि थोड्या वेळाने मोबाइलचा टॉवरही मान टाकतो. तिसऱ्या आठवड्यात माझे दहापैकी आठ प्रश्न सोडवून झाले होते. ११.४० ला लाइट गेली. मोबाइल घेऊन ओसरीवर आले, मग छत्री घेऊन रस्त्यापर्यंत गेले, तिथे एक दांडी दिसत होती. पान उघडेपर्यंत बारा वाजून चार मिनिटं. दिवसभर शाळा, संध्याकाळी स्वयंपाक, रात्री दोन तास डोकं घालून बसले होते. त्या रात्री रडू आलं, ते लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीने समजावलं, "आई, बारापैकी चांगल्या आठच धरतात, एक गेली तर काही होत नाही." ते खरं आहे. असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५, पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० लागतात. एक असाइनमेंट हुकल्याने कुणी नापास होत नाही. पण राग मार्कांचा नव्हता. मनात एकच होतं: ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे त्याचा बुधवार १२ वाजता संपतो, माझा ११.४० ला.

ऑनलाइनवर माझा राग जुना आहे, म्हणून तो लगेच उफाळून आला. २०२० आणि २१ मध्ये आमची मुलं रेंजसाठी डोंगरावर चढून बसायची. मी घरातून फोनवर शिकवायचे आणि समोर ४१ पैकी ११ नावं दिसायची. उरलेली तीस कुठे आहेत, हे मला ठाऊक असायचं. त्यांच्या घरी एकच फोन आणि तो बापाबरोबर कामावर गेलेला. शाळा पुन्हा उघडली त्या दिवशी मी ठरवलं होतं की परत पडद्याच्या वाटेला जायचं नाही.

मग सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग आलं. मुलं येऊन विचारायची, "टीचर, हें कशें चलता?" कॉम्प्युटरचा तास माझा नाही, पण त्यांचा प्रश्न गणिताचा असायचा आणि मला उत्तर येत नव्हतं. ४९ व्या वर्षी वर्गात "मला माहीत नाही" एकदा म्हणायला काही वाटत नाही, पण त्याच प्रश्नाला तिसऱ्यांदा म्हणणं मला जमलं नाही. म्हणून जुलैत नाव नोंदवलं.

पहिले दोन आठवडे सोपे गेले. मग एके ठिकाणी अडले ते चार दिवस. १ ते १० आकडे छापायचे होते. 'रेंज' लिहून कंसात १ आणि १० दिले, तर ९ वरच थांबलं. पुन्हा पुन्हा तेच. व्याख्यान परत लावलं, वेग कमी करून ऐकलं. प्राध्यापक एवढंच म्हणाले होते की शेवटचा आकडा धरत नाहीत. मान्य, पण का धरत नाहीत? रात्री साडेदहाला चर्चामंचावर प्रश्न टाकला. सकाळी कुणीतरी उत्तर लिहून ठेवलं होतं: शून्यापासून मोजलं तर रेंजमध्ये १० देताच बरोबर दहा आकडे मिळतात, वजाबाकी करावी लागत नाही. पाच ओळींचं उत्तर, ना ओळख, ना देणंघेणं. ते वाचून मी वही घेतली आणि मराठीत लिहून काढलं: "वाळपईहून सुटलेली बस साखळीच्या आधीच्या थांब्यापर्यंतच जाते. पाटीवर साखळी आहे, पण बस साखळीत शिरत नाही." दुसऱ्या दिवशी आठवीत हेच सांगितलं. पाठच्या बाकावरचा एक मुलगा लगेच म्हणाला, "मगीर साखळेंत वचपाक ११ बरोवचें!" म्हणजे, मग साखळीत जायला ११ लिहायचं. ज्यासाठी मला चार दिवस लागले ते त्याला अर्ध्या मिनिटात कळलं.

त्यानंतर प्रत्येक आठवड्याची मराठी वही केली. ओळ आत सरकवणं, घर भरणं, परत फिरणं, असे माझे मीच शब्द केले. एनपीटेलच्या काही कोर्सची व्याख्यानं मराठीत उतरवलेली मिळतात, ती जरूर बघा. पण आमची मुलं घरात कोकणी, शाळेत मराठी आणि पडद्यावर इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढतात. मधली पायरी कुणीतरी हाताने बांधावी लागते. मराठी विश्वकोश घरबसल्या फुकट वाचता येतो, गोवा विद्यापीठाने कोकणी विश्वकोशाचे चार खंड २०१३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. खुलं म्हणजे नुसतं फुकट नव्हे. त्यातलं घ्या, उतरवा, आपल्या मुलांना कळेल असं करून वाटा, अशी परवानगी त्यात असते. ३२ हजारांच्या टॅबमधली एक आकृतीसुद्धा मला फळ्यावर दाखवता आली नाही. फोटो काढायला गेले तर पडदा काळा व्हायचा.

आता परत बुधवार. गेल्या वर्षी चतुर्थी बुधवारीच आली, २७ ऑगस्टला. मूळ घरी तेवीस माणसं. आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट, बांधताना नारळ, चिबूड, सुपारीचे घोस, कांगलां हातात देता देता माझ्या डोक्यात फंक्शन आणि लिस्ट. असाइनमेंट मंगळवारीच संपवायची ठरवली होती, नाहीच झाली. बुधवारी रात्री आरत्या झाल्या, फुगड्या झाल्या, जावेने भांड्यांपासून मला सोडवलं आणि म्हणाली, "वच, तुझी परीक्षा आसा न्हय?" माटोळीखाली समईच्या उजेडात बसून दहा प्रश्न मोबाइलवर सोडवले. ११.२१ ला सबमिट झालं, लाइट गेली नाही. दहापैकी नऊ.

परीक्षेचं थोडक्यात. दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री वाड्यावर पहाटेपर्यंत ढोल चालले होते, कानात कापूस घालून उजळणी केली. केंद्र घरापासून चाळीसेक किलोमीटर, सकाळची पाळी, तीन तास, कॉम्प्युटरवर. माझ्या डाव्या बाजूला माझ्या मुलीच्या वयाचा मुलगा, उजवीकडे माझ्याच वयाचे एक गृहस्थ. एकूण ७१ आले. ६० पासून सर्टिफिकेटवर एलिट लिहून येतं, ७५ ला रौप्य. चार मार्कांनी रौप्य गेलं.

वरचा बुधवारचा राग मी नोव्हेंबरातच वहीत लिहून ठेवला होता, तो होता तसा उतरवलाय. तेव्हा माझं म्हणणं होतं की खुल्या शिक्षणाला मुदत कशाला हवी? ज्याला जमेल त्याने जमेल तेव्हा शिकावं. बीएस्सीला असताना मी पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसायची, १८३२ पासूनचं ते ग्रंथालय. तिथे कधी कुणी विचारलं नाही की हे पान आज रात्रीपर्यंत का वाचलं नाहीस.

डिसेंबरात असं बिनमुदतीचं शिकून पाहिलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने आपलं अभ्याससाहित्य जगाला फुकट द्यायचं २००१ मध्येच जाहीर केलं होतं. त्यांच्या ओपन कोर्सवेअरवर रेषीय बीजगणिताची व्याख्यानं आहेत, फळ्यावर खडूने शिकवलेली. इतकं स्वच्छ शिकवणं मी आयुष्यात ऐकलं नाही. मुदत नाही, परीक्षा नाही, फी नाही. पहिली चार व्याख्यानं आठवड्यात ऐकली. पाचवं आज मार्चमध्येही राहिलंय. वेळ नव्हता असं नाही. पाचवं आजच ऐकायला पाहिजे, असं एकाही दिवशी वाटलं नाही, एवढंच.

तेव्हा लक्षात आलं की छत्री घेऊन रस्त्यावर उभी राहिले होते त्या रात्रीही मी अभ्यासच करत होते. बुधवार नसता तर तिसऱ्या आठवड्यातच सुटलं असतं. जगभर अशा कोर्सना नाव घालणारे उदंड आणि शेवटपर्यंत जाणारे थोडे, ते उगाच नाही. ११.५९ बद्दलचं माझं नोव्हेंबरातलं मत मी मागे घेते. मागणी बदलली आहे. मुदत राहू दे, पण ती पाळायला गावात उजेडाची, नेटची आणि चार माणसांची एक जागा हवी.

जानेवारीच्या सत्रापासून ती जागा आम्ही शाळेत केली आहे. मुख्याध्यापकांनी बुधवारी पाच ते साडेसहा कॉम्प्युटरची खोली उघडी ठेवायला परवानगी दिली. आम्ही चौघं शिक्षक बसतो. विज्ञानाच्या बाईंना निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता मला हे कशाला?" मी म्हटलं, "बाई, नुसत्या शेजारी बसा." तिसऱ्या बुधवारी मी व्हिडिओ पुढे सरकवला तर त्यांनी माझा हात धरला, "थांबा, ते परत लावा." आता त्यांचं स्वतःचं खातं आहे, परीक्षेचे हजार रुपयेही त्यांनी भरले. आठवी-नववीची पाच-सहा मुलं पाठीमागे येऊन उभी राहतात. व्याख्यानं मी घरून पेनड्राइव्हवर उतरवून आणते, नेट गेलं तरी अडत नाही. परवा तो साखळीच्या बसवाला मुलगा बाईंना सांगत होता, "टीचर, हांगा एक स्पेस चड जाली." म्हणजे, इथे एक स्पेस जास्त झाली. त्याचं बरोबर होतं.

नव्याने नाव घालणाऱ्यांना एवढंच सांगते. असाइनमेंट शनिवारी एकदा पूर्ण करून सबमिट करा. मुदतीपर्यंत उत्तरं बदलता येतात, शेवटचंच धरतात. हे मला पाचव्या आठवड्यानंतर कळलं. परीक्षेचे पैसे भरायची तारीख वेगळी असते, ती चुकवू नका. कॉलेजातल्या मुलांनी आपल्या कॉलेजला लेखी विचारावं, कारण यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेता येतात. आणि दारात कुणी टॅब घेऊन आलं तर आधी विचारा की मुदत संपल्यावर धडे कुणाचे.

उद्या बुधवार. बाईंचे तीन प्रश्न राहिलेत, आज संध्याकाळी ढग भरून आलेत. शाळेच्या इन्व्हर्टरची बॅटरी दुपारीच चार्जिंगला लावून आले आहे.