राज्य लॉटरीचं गटाने काढलेलं तिकीट: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारण सगळे तेच विचारतात. मोठं बक्षीस लागलेलं नाही. शेवटचे आकडे जुळून किरकोळ रक्कम आली, ती पुढच्या तिकिटात गेली. एकूण हिशेबात आम्ही तोट्यात आहोत आणि तसंच होणार हे घेतानाच माहीत होतं. मी अकाउंट्समध्ये काम करते. समजा एका सोडतीत एक लाख तिकिटं आहेत आणि पहिलं बक्षीस एकच आहे. आठवड्याला एक तिकीट घेणाऱ्याला ते सरासरी एक लाख आठवड्यांतून एकदा लागणार, म्हणजे सुमारे १,९०० वर्षांतून.

म्हणून लोक लॉटरी का घेतात, तर ‘लोकांना गणित येत नाही’, हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. भांडुपहून परळला जाणाऱ्या लेडीज डब्यात आमचा चौघींचा गट आहे. त्यात एक बँकेत, एक नर्स आणि एक शाळेत शिपाई असलेल्या मावशी. लागायची शक्यता किती ते चौघींनाही ठाऊक आहे. पण आम्हाला दुसरं गणितही ठाऊक आहे. महिन्याला ५,००० रुपये बाजूला टाकले, ७ टक्के व्याज धरलं, तरी २० वर्षांत साधारण २६ लाख जमतात. एवढ्यात मुंबईत आजच्या भावानेही धड वन आरके मिळत नाही, २० वर्षांनंतरचं तर सोडाच. स्वतःचं घर होईल का, याला काटकसरीचं उत्तर ‘नाही’ आहे आणि लॉटरीचं ‘जवळजवळ नाही’. त्या ‘जवळजवळ’साठी माणूस थोडे पैसे देतो, आणि त्यात मला वेडेपणा दिसत नाही.

१९४८ साली अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन आणि संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज या दोघांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता: एकच माणूस विमाही उतरवतो आणि लॉटरीही घेतो, हे कसं? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आहे त्या पायरीवर थोडे पैसे वाढले तर फारसं काही बदलत नाही, पण थेट वरच्या पायरीवर नेणारी रक्कम माणसाला फार मोलाची वाटते. आमच्या मावशींच्या एकाच पर्समध्ये आयुर्विम्याच्या हप्त्याची पावती आणि तिकीट शेजारी शेजारी असतात. घरावर संकट आलं तर एक, घर बदलायचं झालं तर दुसरं.

शिवाय मुंबईकराला सोडत नवी नाही. २०२४ च्या म्हाडाच्या मुंबईतल्या सोडतीत २,०३० घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर. म्हणजे ढोबळमानाने पन्नास-पंचावन्न अर्जांमागे एक घर. शाळाप्रवेशात आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांसाठी पोराचं नाव सोडतीतूनच निघतं. लॉटरी घेणाऱ्याला नावं ठेवणारेही म्हाडाचा फॉर्म भरतातच. फरक खरा आहे: म्हाडाची अनामत परत मिळते, तिकिटाचे पैसे जातात. पण म्हाडाचं घर लागल्यावर ते विकत घ्यावं लागतं, कर्ज उभं करावं लागतं. नर्सताईंना याचीच धास्ती आहे.

आता वापरात आल्यावरच कळलेली गोष्ट. सुरुवातीला ‘लागली तर’ची बोलणी कोटींत चालायची. हळूहळू आकडा खाली आला. आता आमचं लक्ष पहिल्या बक्षिसाकडे जातच नाही, मधल्या बक्षिसांकडे जातं. मावशींना गावच्या घराची कौलं बदलायचीत. बँकवालीला मुलीच्या दहावीपुरती तरी एक वेगळी खोली भाड्याने घ्यायचीय. गाडी, परदेश असलं काही कोणाच्या तोंडी येत नाही. रोज एका डब्यातून जाणाऱ्या बायकांनी एकमेकींना हे आधी कधीच सांगितलं नव्हतं. नसलेल्या पैशांबद्दल बोलणं सोपं जातं, पगाराबद्दल जात नाही. या तिकिटाचा सगळ्यात मोठा फायदा मी हाच मानते.

सगळ्यात मोठा दोषही गटातच आहे. एखाद्या महिन्यात ओढाताण असली तरी वर्गणी चुकवायला कोणी धजत नाही, कारण ‘मी नव्हते आणि त्याच वेळी लागली तर?’ ही भीती आशेपेक्षा जड असते. नेदरलँड्समधल्या एका लॉटरीत तर राहत्या घराचा पोस्टकोड हाच नंबर असतो. तिकीट न घेणाऱ्याच्या गल्लीत बक्षीस आलं की शेजारी जिंकलेले त्याला डोळ्यांनी बघावे लागतात. ही भीती ओळखा. आम्ही आता ठरवलंय, एखादीची अडचण असेल तर त्या महिन्यात कोणीच काढायचं नाही.

कराचं थोडक्यात. सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे. जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर, वर सेस, रक्कम मोठी असेल तर अधिभारही. एक कोटीतले सुमारे ३४ लाख जातात, आणि तिकिटांवर आधी झालेला खर्च त्यातून वजा मिळत नाही.

घ्यावं का? महिन्याची ठरलेली छोटी रक्कम असेल, कागदी तिकीट असेल, सोडतीला मध्ये दिवस असतील, तर घ्या. दिवसातून अनेकदा निकाल लागणाऱ्या खेळांपासून मात्र हात जोडून दूर राहा. गिरणगावाने मटका पाहिलाय. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर सुरू झालेला तो आकडा पुढे ओपन-क्लोज करत रोज दोनदा पगारात हात घालायचा. महाराष्ट्राची सरकारी लॉटरी १९६९ मध्ये आली. आठवडाभर वाट बघायला लावणं हाच तिचा गुण आहे. वाट बघण्यात पैसे खर्च होत नाहीत.

गटाने घेत असाल तर एक काम पहिल्याच दिवशी करा. कोणाचा किती वाटा ते कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या आणि तिकिटाचा दोन्ही बाजूंचा फोटो प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये ठेवा. बक्षिसाचा दावा करणाऱ्याच्या नावावरच कर कापला जातो, त्यामुळे कर वजा जाऊन उरलेलं वाटायचं, हेही त्याच कागदावर लिहा.