कोथरूडचा मॅक्रोबायोटिक डबा, महिनाभर खाऊन

कोथरूडमध्ये एक काकू घरूनच मॅक्रोबायोटिक (म्हणजे यिन-यांगचा तोल सांभाळणारा, मुख्यतः अख्ख्या धान्याचा जपानी आहार) डबा देतात, मी आणि आईने महिनाभर लावला होता, एका डब्याचे १८० रुपये. नाव टाकत नाही कारण एक तक्रारही लिहायचीय.

डबा उघडला की आधी भाजलेल्या तिळाचा वास. गोमासिओ म्हणतात त्याला, तीळ खमंग भाजून थोड्या मिठाबरोबर नुसते भरडायचे, लसूण-मिरची काही नाही. खाली हातसडीचा इंद्रायणी, चिमूटभर मीठ घालून कुकरला लावलेला, तो नीट चावूनच खावा लागतो, काकू म्हणतात एका घासाला निदान ३० वेळा. डब्यात निम्मं तर धान्यच, मग भाज्या, थोडी उसळ आणि छोट्या डबीत मिसोचं सूप. मिसो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, ते उकळायचं नाही, हे काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं.

आता यिन-यांगचं. जपानच्या जॉर्ज ओसावांनी (१८९३–१९६६) हा आहार जगभर नेला. यिन म्हणजे पसरणारं, सैल करणारं, साखर, दारू वगैरे, यांग म्हणजे आवळणारं, मीठ, मांस, अंडी, आणि अख्खं धान्य मधोमध. आपल्या उष्ण-थंडसारखंच वाटलं मला, पण तसं नाहीये हो, आपल्याकडे आंबा उष्ण, पपई उष्ण, मिरची तर विचारूच नका, आणि त्यांच्याकडे हे सगळं यिन! टोमॅटो, बटाटा, वांगं पण यिन म्हणून डब्यात नाही. पण आपल्या भागातलं आणि त्या त्या ऋतूतलं खा हाही त्यांचाच नियम, म्हणून काकू मावळचा तांदूळ आणि आपला लाल भोपळा वापरतात, हे मला फार आवडलं. भोपळा कमी पाण्यात झाकण ठेवून शिजवतात, इतका गोड लागतो की आईने दोनदा रेसिपी विचारली.

फरक पडला का? माझी रात्रीची अ‍ॅसिडिटी बरीच कमी झाली, पण तिखट आणि बाहेरचं खाणं बंद होतं त्यामुळेही असेल.

तक्रार ही की तिसऱ्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला, हा आहार नीट पाळला तर गोळ्या लागत नाहीत. आईला बीपी आहे, तिने खरंच विचारलं बंद करू का म्हणून, मी घाबरलेच. १९६५ मध्ये अमेरिकेत हाच आहार टोकाला नेणारी एक तरुणी जवळजवळ फक्त भातावर राहून दगावली होती, असल्या गोष्टी सहज बोलायच्या नसतात. शिवाय मिसो खारट असतं, बीपीवाल्यांना ते आधी सांगायला हवं, आणि निव्वळ शाकाहारात बी१२ चं काय हेही. काकूंशी बोलले, त्यांनी मेसेज काढला आणि आईच्या डब्यातलं मिसो बंद केलं, गोमासिओतलं मीठही कमी केलं.

आता डबा सोम-बुध-शुक्र चालू आहे, गोळ्याही चालू आहेत. कोणाला नंबर हवा असेल तर मेसेज करा, देते.