तांब्याचं टंग क्लीनर घ्यावं की स्टीलचंच बरं?

तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानात मिळतं ना ते यू आकाराचं तांब्याचं टंग क्लीनर, ते घेतलं, स्टीलचं घरात आधीपासून होतंच, दोन्ही भरपूर वापरून झालीत म्हणून लिहितेय. आधीच सांगते, तोंडाला वास येतो म्हणून महागडे माउथवॉश आणण्याआधी हे घ्या, कुठल्याही धातूचं घ्या पण घ्याच.

आपल्याकडे वास आला की लगेच 'पोट साफ होत नसेल' म्हणून रात्री त्रिफळा चूर्ण सुरू. पण बहुतेक वेळा वास तोंडातलाच असतो. जिभेच्या पार मागे जो पांढरट पिवळा थर बसतो त्यात अन्नाचे बारीक कण, मेलेल्या पेशी आणि जंतू असतात, ते जंतू प्रथिनं कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकाचे वायू सुटतात, सडक्या अंड्याला येतो तोच वास. झोपेत लाळ कमी सुटते म्हणून सकाळी जास्त जाणवतो. बडीशेप, लवंग, च्युइंगगम यांनी तेवढ्यापुरतं झाकलं जातं, थर तिथेच राहतो.

आता तांबं की स्टील. तांब्यावर जंतू टिकत नाहीत हे खरंय, पण जिभेवर ते टेकतं काही सेकंद, त्यामुळे खरं काम करते ती कड. तांब्याचं वाकतं पटकन आणि काळं पडतं, लिंबू-मीठ नाहीतर चिंच लावून घासत बसावं लागतं. स्टीलला काही नाही, धुतलं की झालं, आणि स्वस्त. प्लॅस्टिकचं मला अजिबात आवडलं नाही, कड बोथट असते आणि मधेच मोडतं. घेताना कडेवरून हलकं बोट फिरवून बघा, खरखरीत लागली तर तो पीस घेऊ नका, जीभ सोलवटते.

उमासे येतात म्हणून खूप जण सोडून देतात. सुरुवातीला जिभेच्या मध्यापासूनच पुढे ओढा, श्वास बाहेर सोडत सोडत, मग हळूहळू मागे जा. हात हलका ठेवा, रक्त येईपर्यंत खरवडायचं नसतं.

पण याने सगळं सुटेल असं नाही हं. हिरड्यांतून रक्त येत असेल, दात किडला असेल तर डेंटिस्टकडे जाऊन स्केलिंग (दातांवर साठलेला कडक थर काढणं) नाहीतर जे लागेल ते करून घ्या, जीभ कितीही घासली तरी तो वास जाणार नाही. दातांच्या फटीत फ्लॉस फिरवा. घरात कोणाची कवळी असेल तर ती रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायला सांगा, आमच्या सासूबाईंना तेवढ्यानेच केवढा फरक पडला! लसणाच्या चटणीचा वास मात्र रक्तातून फुप्फुसात जाऊन श्वासातून येतो, तिथे ब्रश काय आणि टंग क्लीनर काय. आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितला तर तेवढेच दिवस वापरा, महिनोन्महिने वापरला की दातांवर तपकिरी डाग पडतात, चव पण बदलते. सगळं नीट करूनही वास राहत असेल तर टॉन्सिल, सायनस, शुगर तपासून घ्या, लाजू नका.

माझ्याकडून स्टीलला पाचपैकी पाच, तांब्याला साडेतीन. घरात प्रत्येकाचं वेगळं ठेवा, सगळी सारखीच दिसतात म्हणून दांड्याला रंगीत दोरा बांधून ठेवा.