पगारदार पतपेढीचं कर्ज: कार्डांची थकबाकी फेडायला किती कामाचं?

महापालिका, बेस्ट, बँका, विमा कंपन्या, अनुदानित शाळा, जुने कारखाने. मुंबईत अशा ठिकाणी नोकरी असेल तर घरची सगळी देणी एका जागी आणून फेडायची सोय बहुधा ऑफिसातच असते, नाहीतर दादर-परळच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर: पगारदारांची सहकारी पतपेढी, म्हणजे एकाच ठिकाणच्या नोकरदारांनी मिळून चालवलेली, सभासदांनाच कर्ज देणारी संस्था. ऑगस्ट २०२५मध्ये बेस्टच्या पतपेढीची निवडणूक गाजली, ठाकरे बंधूंच्या पॅनेलला २१ पैकी एकही जागा मिळाली नाही, तेव्हा ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नव्हता त्यांनाही पतपेढी हा शब्द रोज ऐकू आला. राजकारण बाजूला ठेवू. दोन-तीन क्रेडिट कार्डं, एखाद-दुसरं ॲपवरचं कर्ज आणि वर उसनवारी, अशा ओढाताणीत सापडलेल्या घराला पतपेढीचं कर्ज उपयोगी पडतं का, एवढंच इथे पाहायचंय.

पडतं. बऱ्याच जणांना बँकेच्या पर्सनल लोनपेक्षा जास्त पडतं. व्याज कमी हे एक कारण झालं. त्याहून मोठं कारण असं की हप्ता पगार हातात येण्याआधीच कापला जातो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ खाली सभासदाने तसा करार लिहून दिला की मालकाने पगारातून हप्ता कापून संस्थेकडे भरायचा असतो. पाच तारखेला खात्यात पैसे नाहीत, हप्ता आपोआप कापायला बँकेला दिलेलं मँडेट बाउन्स झालं, त्याचा दंड, हे सगळं प्रकरणच मिटतं. ज्या घरात देणं थकण्याचं मूळ ‘महिनाअखेर हातात काही उरत नाही’ हे असतं, तिथे ही कपात दोन टक्के कमी व्याजापेक्षा जास्त काम करते.

आता आकडे. कार्डावर १,८०,००० रुपये थकलेत आणि व्याज महिना ३.५ टक्के आहे असं धरा. महिन्याचं व्याज ६,३०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१३४, मिळून ७,४३४. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे त्या महिन्यात भरावीच लागणारी किमान रक्कम, पाच टक्क्यांनी ९,००० येतो. म्हणजे नऊ हजार भरूनही मुद्दल कमी होतं फक्त १,५६६ रुपयांनी, तेही महिन्याभरात कार्ड एकदाही घासलं नाही तर. शिवाय मागची बाकी पूर्ण चुकती होईपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराण्याच्या बिलावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. मिनिमम भरणारी माणसं वर्षानुवर्षं तिथेच दिसतात ती याचमुळे.

त्याऐवजी पतपेढीतून दोन लाख घेतले, दर समजा ११ टक्के, घटत्या बाकीवर. तीन वर्षांत फेडायचे तर समान हप्ता ६,५४८ रुपये आणि एकूण व्याज साधारण ३५,७००. पाच वर्षं घेतली तर हप्ता ४,३४८ वर येतो, पण व्याज ६०,९०० पर्यंत जातं. जो माणूस आज मिनिममपोटी नऊ हजार भरतोय त्याला साडेसहा हजार झेपतात. तेव्हा मुदत तीन वर्षांचीच मागा. काउंटरवरचा कारकून सवयीने कमाल मुदत लिहितो. तो रकाना आपणच आधी भरून ठेवलेला बरा.

एक गोष्ट विचारून घ्याच. बऱ्याच पतपेढ्यांत समान हप्ता नसतो. मुद्दलाचा भाग ठरलेला आणि त्यावर त्या महिन्याचं व्याज, अशी पद्धत असते. तसं असेल तर वरच्याच कर्जाची तीन वर्षांची पहिली कपात ७,३८९ रुपयांची पडेल आणि पुढे दर महिन्याला थोडी थोडी उतरत जाईल. एकूण व्याज या पद्धतीत जरा कमीच बसतं, पण पहिल्या महिन्याची पगारपावती पाहून धक्का नको. आणि ‘सरळ व्याज’ असं कोणी म्हणालं तर ते मूळ रकमेवर की शिल्लक रकमेवर, हे लेखी घ्या.

कागद फार नसतात: कर्ज मागणी अर्ज, अलीकडच्या पगारपावत्या, ओळखपत्र, वचनचिठ्ठी, पगारकपातीचं संमतीपत्र आणि दोन जामीनदारांच्या सह्या. जामीनदार त्याच पतपेढीचे सभासद लागतात आणि त्यांच्या पगारातही तेवढी जागा लागते. अर्ज परत येतो तो बहुतेक तीन कारणांनी. सही रजिस्टरमधल्या सहीशी जुळत नाही. जामीनदार आधीच ठरल्यापेक्षा जास्त जणांना जामीन आहे. किंवा सगळ्या कपाती वजा जाता हातात येणारा पगार पतपेढीने ठरवलेल्या किमान रकमेखाली जातो. तिसरं कारण घरी बसून तपासता येतं: पगारपावतीतली निव्वळ रक्कम घ्या, तीतून नवा हप्ता वजा करा. कर्ज समितीची बैठक कधी आहे ते सूचना फलकावर लावलेलं असतं. तिच्या आदल्या दिवशी अर्ज दिला तर तो सहसा पुढच्या बैठकीवर जातो. जूनमध्ये शाळेच्या फिया आणि नंतर गणपती, या दिवसांत रांग मोठी असते.

हातात किती पडणार, इथे लोकांचा हिशेब हमखास फसतो. मंजूर झाले दोन लाख म्हणजे मिळाले दोन लाख, असं नसतं. कर्जाच्या प्रमाणात शेअर असावे लागतात. जेवढे कमी असतील तेवढे कर्जातूनच कापून घेतात. प्रमाण पाच टक्के असेल आणि आधीचे शेअर नसतील तर १०,००० गेले. दहा टक्के असेल तर २०,००० गेले, म्हणजे १,८०,०००च उरले, आणि त्यात कार्डाचं चालू व्याज बसत नाही. कल्याण निधी, विमा, जुन्या तातडीच्या कर्जाची बाकी हीही त्यातूनच वळती होते. शेअरचे पैसे बुडत नाहीत, त्यावर लाभांश मिळतो, पण आज ते वापरता येत नाहीत. म्हणून अर्जातला आकडा उलटा काढा: आधी कार्डाला लागणारी रक्कम, तीत चालू महिन्याचं व्याज, मग कपाती.

पैसे खात्यात आल्यावरचे दोन दिवस महत्त्वाचे. कार्डाच्या बिलावर छापलेला आकडा भरून कार्ड मिटत नाही, कारण बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. बँकेला फोन करून आजच्या तारखेला खातं पूर्ण बंद करायला किती लागतील ते विचारा. कार्डावर टीव्ही किंवा मोबाइलचे ईएमआय चालू असतील तर त्यांचं न आलेलं मुद्दल आणि मुदतीआधी बंद करण्याचा आकार त्यात धरलाय का, हेही विचारा. रक्कम भरा, पुढच्या बिलात उरलेले काही शे रुपये आले तर तेही लगेच भरा. हे काही शे रुपये ‘आता कार्ड संपलं’ म्हणून दुर्लक्षित राहतात, त्यावर विलंब आकार बसतो आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या अहवालावर, थकबाकी दिसते.

पगाराचं खातं आणि थकलेलं कार्ड एकाच बँकेचं असेल तर आणखी सावध. थकबाकीपोटी बँक बचत खात्यातली रक्कम अडवू शकते. त्याच बँकेचं देणं फेडायचं असेल तर बिघडत नाही. पण दुसऱ्या कार्डासाठी आणलेले पैसे तिथे अडकले तर सगळं नियोजन कोलमडतं. अशा वेळी पतपेढीकडून दुसऱ्या बँकेतल्या खात्यावर धनादेश किंवा एनईएफटी मागावी.

मग कार्ड बंद करायचं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, बाकी शून्य असेल तर अर्ज आल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. फोनवरचा माणूस वार्षिक फी माफ करतो, पॉइंट देतो, असं बरंच काही म्हणेल. अर्ज ईमेलने करा, तक्रार क्रमांक ठेवा. त्याआधी वीज, महानगर गॅस, मोबाइल, ओटीटी यांची कार्डावर बांधलेली आपोआप बिलं दुसरीकडे वळवा. एखादं कार्ड ठेवायचंच असेल तर सर्वांत जुनं ठेवा आणि त्याची मर्यादा लेखी अर्ज देऊन खाली आणा.

ही पायरी जे टाळतात त्यांचीच गाडी वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा घसरते. पतपेढीची कपात सुरू, कार्ड रिकामं, मर्यादा दोन लाखांची. हातात येणारा पगार कमी झालेला, म्हणून किराणा कार्डावर. मग पतपेढीत नूतनीकरण, म्हणजे जुनं कर्ज नव्यात वळतं करून वरची रक्कम उचलायची. नूतनीकरण ही या सेवेतली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट गोष्ट. अर्ज एका पानाचा, जामीनदार तेच, आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून. निवृत्तीच्या वेळी हातात येणाऱ्या पैशातून पतपेढीची बाकी फेडावी लागते, ती बहुतेकदा अशा साखळीतली शेवटची कडी असते.

जामीनदाराचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. कर्जदाराने नोकरी सोडली, तो निलंबित झाला, बिनपगारी रजेवर गेला, तर संस्था जामीनदाराच्या पगाराकडे वळते. कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला की कर्जदार आणि जामीनदार दोघांकडून वसुली करता येते. ‘तू मला, मी तुला’ असा अदलाबदलीचा जामीन तर मुळीच नको: एक बुडाला की दुसऱ्याचे दोन हप्ते सुरू. सही मागताना एकूण देणं किती आणि कर्ज कशासाठी, हे खरं सांगा.

पतपेढीच्या उणिवाही मोजायला हव्यात. बहुतेक पगारदार पतपेढ्या परतफेडीची माहिती सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोंना कळवत नाहीत, त्यामुळे इथे तीन वर्षं नियमित हप्ते गेले म्हणून सिबिल स्कोअर वाढत नाही. तो सुधारतो कार्डांची बाकी शून्य झाल्याने. दर ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, कार्ड मिटल्यावर दीड-दोन महिन्यांनी तो काढून पाहावा. पतपेढीतल्या ठेवींना बँक ठेवींसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही इथली तक्रार चालत नाही. ती सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे द्यायची. स्वतःच्या खात्याचा उतारा आणि संस्थेचे उपविधी (तिचे स्वतःचे लेखी नियम) पाहण्याचा हक्क कलम ३२ ने दिलाय. मुदतीआधी रक्कम भरली तर आकार लागतो का, ते उपविधीतच शोधा. बऱ्याच ठिकाणी लागत नाही, आणि दिवाळीचं सानुग्रह अनुदान किंवा पगाराच्या थकबाकीपोटी मिळालेली रक्कम तिथेच टाकणं फायद्याचं पडतं.

पतपेढी नसलेल्यांसाठी बँकेचं पर्सनल लोन आहे. तिथे प्रक्रिया शुल्क, त्यावर जीएसटी, आणि दर स्थिर असेल तर मुदतीआधी फेडण्याचा आकार, हे तिन्ही धरून तुलना करा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मुख्य तथ्य विवरण (की फॅक्ट्स स्टेटमेंट), म्हणजे कर्जाचा सगळा खर्च आणि अटी एका जागी मांडणारा कागद, देणं बंधनकारक आहे. त्यातला वार्षिक एकूण दर (एपीआर, व्याज आणि शुल्क धरून येणारा) पाहा, जाहिरातीतला नको. कार्डाची बाकी त्याच बँकेत ईएमआयवर टाकणं सोपं, पण व्याजावर १८ टक्के जीएसटी चालूच राहतो. नागरी पतसंस्था, म्हणजे एका नोकरीपुरती नसलेली, ती वेगळी, तिथे पगारकपात बहुधा नसते आणि दरही चढा असतो.

‘कर्ज निम्म्यावर मिटवून देतो’ म्हणणाऱ्या कंपन्यांच्या वाटेला जाऊ नये. त्या आधी हप्ते थांबवायला सांगतात, स्वतःची फी घेतात, आणि शेवटी सिबिलच्या अहवालावर ‘सेटल्ड’, म्हणजे कर्ज पूर्ण फेडलं नाही, असा शेरा बसतो. तडजोड करायचीच वेळ आली तर बँकेशी थेट बोलता येतं, त्याला मध्यस्थ लागत नाही. वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची मुभा नाही. करत असेल तर वेळ नोंदवून बँकेकडे तक्रार द्या, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे.

कर्ज संपताना एक छोटी अडचण हमखास येते. कपातीची यादी पगार विभागाकडे महिन्याच्या मध्यातच गेलेली असते, त्यामुळे शेवटचा हप्ता रोख भरला तरी त्या महिन्याची कपात होतेच. ती रक्कम सभासद म्हणून दरमहा भरतो त्या वर्गणीत जमा करायची की परत घ्यायची, हे अर्जात लिहून द्या. आणि ना देय दाखल्याबरोबर (आता काही देणं उरलं नाही असा दाखला) रद्द केलेली वचनचिठ्ठी आणि दोन्ही जामीनदारांच्या मुक्ततेची पत्रं मागून घ्या. ती आपणहून कोणी देत नाही.