रंगाखालचा लाल ठिपका, आणि माझे ५०,३५० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी जीभ अडखळायला नको: गिअरबॉक्सच्या सामानाच्या व्यवहारात एकाने मला ५०,३५० रुपयांना फसवलं. आणि हे ज्याचे गेले तो माणूस भोसरी एमआयडीसीत बावीस वर्षं मेंटेनन्सला आहे. नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. सासऱ्यांना अजून काही कळलेलं नाही, आणि कळू द्यायचंही नाहीये.

गाडी २०११ ची, चार गिअरची ऑटोमॅटिक, जुन्या पद्धतीची टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा बंद गोल डबा). दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना स्लिप मारायची आणि साठच्या पुढे खडबडीत रस्त्यावरून चालल्यासारखी थरथरायची. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, आम्ही उघडत नाही, अख्खा गिअरबॉक्स बदलतो. अंदाज १,८५,०००. आज गाडी विकली तर तेवढे यायचे नाहीत. बाहेरच्या गॅरेजने ९५,००० सांगितले. मग मीच उघडायचं ठरवलं, आणि हा मूर्खपणा नव्हता हे मी अजूनही म्हणतो. दिवाळीच्या सुट्टीत चेन पुली लावून सोसायटीच्या पार्किंगमध्ये गिअरबॉक्स खाली घेतला. पॅनमधल्या चुंबकावर बोटभर काळा चिखल, तेलाला करपलेल्या दुधासारखा वास. सर्क्लिप, स्टील प्लेट, क्लच प्लेट, एकेक थर वर्तमानपत्रावर ओळीने मांडला, फोटो काढले. इथपर्यंत कोणी बोट दाखवावं असं काही नाही.

पण क्लच प्लेटा आणि सील घरी बदलता येतात, कन्व्हर्टर नाही. तो वेल्डिंगने बंद असतो. लेथवर कापायचा, आतल्या लॉकअपचं, म्हणजे वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचचं, अस्तर बदलायचं, पुन्हा वेल्ड करून बॅलन्स करायचा. व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे गिअर बदलताना तेल कुठे जायचं ते ठरवणारा भाग, तपासायलाही टेस्ट बेंच लागतो. म्हणजे या दोन वस्तू परक्याच्या हातात द्याव्याच लागतात, आणि फसवणारे लोक नेमके त्याच नाक्यावर बसलेले असतात.

मला फसवणाऱ्याचा नंबर इंटरनेटवरच्या जाहिरातीतून मिळाला. पहिल्याच फोनला म्हणाला, "दादा, स्वतः खोललात? मानलं तुम्हाला. इथले निम्मे मेकॅनिक घाबरतात." बायको नंतर म्हणाली ते खरं आहे, मी त्या वाक्यावरच विकला गेलो. आधी १८,५०० चं ओव्हरहॉल किट (नव्या क्लच प्लेटा आणि सील) मागवलं. आठ दिवसांत आलं, चोख. प्लेटांची जाडी मी व्हर्नियरने मोजली, बरोबर होती. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. गळाला लावायचं गांडूळ खरंच असतं. पहिली ऑर्डर नीट आली म्हणून दुसरीला आगाऊ पैसे देऊ नका, एवढं तरी माझ्याकडून घ्या.

मग कन्व्हर्टरचे १४,०००. "तुमचाच दुरुस्त करत बसत नाही, तयार रीकंडिशन एक्सचेंजमध्ये देतो." व्हॉल्व्ह बॉडी टेस्ट आणि सोलेनॉइडचे (तिच्यावरच्या विजेवर चालणाऱ्या झडपा) ९,५००. जुनं सामान पोचेपर्यंत डिपॉझिट ६,०००. कुरिअर २,३५०, कारण त्याच्याच माणसाने न्यायचं म्हणे. सगळं यूपीआयने, एका बाईच्या नावाच्या खात्यावर. विचारलं तर "मिसेसचं खातं आहे दादा, जीएसटीचं बिल मागाहून पाठवतो."

एकवीस दिवसांनी खोकं आलं. रविवार, संध्याकाळचे सहा. कन्व्हर्टर चकचकीत चंदेरी, नव्या पातेल्यासारखा. मी कडेने हात फिरवला, आणि बोल्टच्या एका कानाशेजारी अंगठ्याला टेंगूळ लागलं. मसुराच्या डाळीएवढं. आता ऐका. गिअरबॉक्स काढताना, पुन्हा तसाच बसावा म्हणून, मी कन्व्हर्टर आणि तो इंजिनला जिथे बोल्टने जोडतात त्या फ्लेक्स प्लेटवर समोरासमोर बायकोच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होते. कन्व्हर्टरवरचा ठिपका त्याच कानाशेजारी होता. मला हे आठवलंसुद्धा. आणि मी स्वतःला काय सांगितलं? गंजाचा फोड असेल. रीकंडिशन केलेल्या वस्तूवर गंजाचा फोड! वेल्डची शिवण पाहिली, तीही एकसारखी, कारखान्यातली, कापून पुन्हा जोडल्याची कुठेच खूण नाही. तेही पाहिलं. नुसतं नख लावायचं होतं. पण सोमवारपर्यंत पार्किंग मोकळं करा अशी सेक्रेटरींची नोटीस लिफ्टमध्ये लागली होती, महिनाभर रिक्षाने फिरून घरचे वैतागले होते, आणि खरं सांगायचं तर मला ते टेंगूळ गंजच असायला हवं होतं. वर "माल मिळाला, एकदम मस्त काम" असा मेसेज मीच पाठवला. आज तोच मेसेज तो माझ्याविरुद्ध दाखवतो.

बसवलं सगळं. आठ लिटर तेलाचे ५,२०० गेले ते वेगळे. साठवर तीच थरथर. पुन्हा उतरवला, पेचकसाने खरवडलं. चंदेरीखाली लाल. सोलेनॉइडवर मी मार्करने घातलेले आकडेही रॉकेलने अर्धवट पुसलेले सापडले. माझाच माल, रंग मारून, मला २३,५०० ला विकला. डिपॉझिट अर्थातच बुडालं. आता म्हणाल, किट तर खरं होतं. होतं ना. पण त्या जळक्या कन्व्हर्टरचा कचरा नव्या प्लेटांत फिरला, त्यामुळे तेही धरूनच आकडा सांगतोय.

पुढची करमणूक पोलीस चौकीत. पुरावा म्हणून कन्व्हर्टर साखरेच्या पोत्यात घालून नेला. हवालदार म्हणाले, "हे वॉशिंग मशीनचं काय?" समजावेपर्यंत त्यातलं तेल फरशीवर आलं, ते मलाच पुसायला लावलं. मग, "काका, हा व्यवहार आहे, दिवाणी आहे, कोर्टात जा." मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ म्हणालो, तर "वकील आहात का?" आरोपी दुसऱ्या राज्यात, म्हणून तिकडे जा. झिरो एफआयआर कुठेही नोंदवता येतो म्हटलं, तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. तीन खेपा, तिन्ही वेळा साहेब बंदोबस्ताला. शेवटी साधा अर्ज घेऊन शिक्का दिला. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, पण पैसे दीड महिन्यापूर्वीच गेलेले, गोठवणार काय? बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान वाद घालता आला असता, तेव्हा तुम्ही द्याल तेव्हा कार्डाने द्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ने विक्रेत्याला कळवलं, त्याने उत्तर दिलं नाही, तक्रार बंद. बंद झाल्याचा एसएमएस मात्र तत्परतेने आला, खाली समाधानी आहात का म्हणून.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. अडलंय पत्त्यावर. वकिलाची नोटीस 'पत्ता अपूर्ण' शेरा मारून परत आली. म्हणून सांगतो, दुकानाचा पत्ता आणि बिल आधी घ्या, सामान नंतर सोडा. स्वतःच्या वस्तूवर आतल्या बाजूला पंचने खूण ठोका, नेलपॉलिश नको. खोकं उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता काढा. आणि वेल्डची शिवण बघा, बाबांनो, रंग काय बघता!

परवा शेजारच्या विंगमधला मुलगा फोन घेऊन आला. त्याच्या मामाच्या गाडीचा गिअरबॉक्स गेलाय. "काका, तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो, हा माणूस बरा आहे का?" नंबर वेगळा, नाव वेगळं. जाहिरातीतला पहिला फोटो माझ्याच व्हॉल्व्ह बॉडीचा, मीच त्याला पाठवलेला. खाली आमचं वर्तमानपत्र, कडेला आमच्या बाथरूममधला निळा टब.