जुन्या ट्रकसाठी ऑइल तपासणी सेवा: साधा संच की पूर्ण?

इंजिन न उघडता आतली झीज कळावी म्हणून वापरलेलं ऑइल तपासून देणाऱ्या प्रयोगशाळांकडे साधारण दोन संच मिळतात. साध्या संचात धातूंचं प्रमाण आणि ऑइलचा दाटपणा मोजतात. पूर्ण संचात त्याशिवाय काजळी, ऑइलमध्ये उतरलेलं डिझेल, पाणी, कूलंट आणि टीबीएन, म्हणजे आम्ल मारण्याची ऑइलची उरलेली ताकद, हेही येतं. पाच-सहा लाख किलोमीटर पळालेल्या डिझेल इंजिनासाठी आमचं मत स्पष्ट आहे: पूर्ण संचच घ्या. साधा संच जुन्या इंजिनाबद्दल अर्धंच सांगतो आणि बऱ्याचदा ते अर्धंच फसवतं.

दाटपणाचंच पाहा. १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल १०० अंश सेल्सियसला १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकच्या (दाटपणा मोजण्याचं एकक) दरम्यान असायला हवं. डिझेल फवारणारं नोझल गळत असेल तर डिझेल लायनरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं आणि ऑइल पातळ होतं. काजळी वाढली की तेच ऑइल दाट होतं. जुन्या इंजिनात या दोन्ही गोष्टी एकदमच होतात, कारण खराब नोझल धूरही करतं आणि न जळलेलं डिझेल खालीही सोडतं. अहवालात १४ सेंटीस्टोक दिसतात आणि सगळं ठीक वाटतं, पण आत ४ टक्के डिझेल आणि ४ टक्के काजळी एकमेकांना झाकून बसलेली असू शकतात. साध्या संचात हे पकडायला काहीच नाही. पूर्ण संच घेतानाही डिझेल कसं मोजतात ते विचारा. गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे डिझेल वेगळं काढून थेट मोजलेला, आकडा भरवशाचा. फ्लॅश पॉइंटवरून (ऑइलची वाफ ज्या तापमानाला पेट घेते त्यावरून) काढलेला आकडा हा अंदाज समजावा.

धातूंच्या रकान्यात लोखंड म्हणजे लायनर, क्रँक, कॅम, गिअर, क्रोमियम बहुधा रिंगांचं, अ‍ॅल्युमिनियम पिस्टनचं, शिसं, कथील आणि तांबं बेअरिंगचं. पण एकटा धातू फार काही सांगत नाही, जोड्या सांगतात. तांबं एकटंच वाढलं आणि शिसं जागेवर असेल तर पहिला संशय ऑइल कूलरवर घ्या; नवीन कूलर बसवल्यावर असं बऱ्याचदा होतं आणि काही ऑइल बदलांनंतर आकडा उतरतो. तांब्यासोबत शिसं आणि कथील चढू लागलं तर मात्र बेअरिंगचा वरचा थर जातोय.

सगळ्यांत जास्त लक्ष सिलिकॉनकडे, म्हणजे धुळीतल्या मुख्य घटकाकडे, द्यावं, कारण इथे खर्च नगण्य आणि वाचतं इंजिन. सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र वाढले आणि पाठोपाठ लोखंड, क्रोमियमही चढले, तर धूळ आत जातेय. आधी टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) अलीकडचा रबरी होज आणि त्याचे क्लॅम्प पाहा. तिथे हवा आत ओढली जाते, त्यामुळे चीर पडली तरी आवाज नाही, धूर नाही. नुसती धूळ शिरत राहते. टर्बोच्या पुढे चीर पडली तर शिट्टी वाजते, ओढ कमी होते आणि चालकाला लगेच कळतं. मग एअर फिल्टरच्या बैठकीची रबर सील तपासा. पुन्हा पुन्हा कॉम्प्रेसरची हवा मारून वापरलेल्या फिल्टरचा कागद फाटलेला असतो. आत दिवा धरला की भोकं दिसतात. सिलिकॉन एकटंच वाढलं असेल आणि नुकताच चेंबर सिलिकॉन सीलंट लावून बसवला असेल, तर घाबरू नका. तो सीलंटचा अंश असतो.

कूलंटच्या बाबतीत ‘ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) नाही’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. गरम ऑइलमध्ये ग्लायकॉल विघटित होतं, पण कूलंटमधलं सोडियम आणि पोटॅशियम मागे राहतं. काही ऑइलमध्ये सोडियम मुळातच असतं, म्हणून त्याच डब्यातल्या नव्या ऑइलचा एक नमुना सुरुवातीला तपासून ठेवावा. तो आकडा नसेल तर पुढची तुलना अंधारातली.

या सेवेची खरी कमजोरी नमुना घेण्यात आहे आणि ती प्रयोगशाळेच्या हातात नाही. इंजिन पूर्ण गरम करून बंद करा आणि १५-२० मिनिटांच्या आत नमुना घ्या. थंड ऑइलमध्ये कण तळाला बसतात. हातपंपाने घेणार असाल तर नळी डिपस्टिकशेजारी धरून तिच्यापेक्षा थोडीच लांब कापा, म्हणजे ती तळाच्या गाळाला टेकणार नाही. नळी दरवेळी नवी. ड्रेन नट काढून घ्यायचा असेल तर पहिलं लिटरभर ऑइल जाऊ द्या, मग चालू धारेखाली बाटली धरा आणि पाऊण भरा. जुन्या फिल्टरमधलं ऑइल कधीच पाठवू नका. टॉप-अप केल्या केल्या नमुना घेणंही चूक.

अर्जात ऑइलवर किती किलोमीटर झाले आणि किती लिटर टॉप-अप केलं, हे विचारत नसेल ती सेवा टाळा. १५ लिटरच्या चेंबरमधून ५ लिटर गळून गेलं असेल, तर त्यासोबत धातूही रस्त्यावर गेला आणि अहवालातलं लोखंड खऱ्यापेक्षा कमी दिसणार. आकडे नेहमी हजार किलोमीटरवर आणून पाहा. १०,००० किलोमीटरला ३० पीपीएम (दहा लाख भागांत ३० भाग) लोखंड आणि १५,००० ला ४५, ही झीज सारखीच. १०,००० ला ६० आले तर ती दुप्पट झाली. हिरवा-पिवळा-लाल शेरा इतर इंजिनांच्या सरासरीवरून दिलेला असतो. तुमच्या इंजिनाची स्वतःची रेषा निदान तीन नमुन्यांनंतरच उमटते, त्यामुळे कच्चे आकडे न देणारी सेवा आम्ही सुचवणार नाही.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. धातू मोजणारं यंत्र साधारण ५ ते ८ मायक्रॉनपेक्षा मोठे कण धड पाहूच शकत नाही. बेअरिंगचे पापुद्रे निघत असले तरी पीपीएम शांत राहू शकतात. लोखंडी मोठ्या कणांसाठी पीक्यू इंडेक्स, म्हणजे चुंबकीय पद्धतीने मोजलेला आकडा, मागून घ्या आणि दर बदलाला फिल्टर कापून पाहा. हॅक्सॉने नको, तिचाच कीस आत पडतो. फिल्टर कटर वापरा. कागद पिळून उन्हात पसरा आणि चुंबक फिरवा. चिकटतं ते लोखंड. न चिकटणारी सोनेरी चमक तांब्याची किंवा पितळेची.

एखादा आकडा अचानक उसळला तर इंजिन उघडण्याआधी दोन-तीन हजार किलोमीटरवर दुसरा नमुना पाठवा. अर्धे गोंधळ तिथेच मिटतात. पण सोडियम, पोटॅशियम आणि शिसं एकाच अहवालात वाढले असतील, तर दुसऱ्या नमुन्याची वाट पाहत गाडी चालवू नका. कूलंट बेअरिंगपर्यंत पोहोचलेलं असतं. गाडी उभी करा, रेडिएटरला प्रेशर टेस्ट लावा आणि चेंबर उतरवून बेअरिंग बघा.