कॉकरचे केस: मशीन की कंगवा-कात्री?

आमच्या कॉकर स्पॅनियल जातीच्या कुत्र्यावर दोन्ही करून झालंय. पहिल्या वर्षी एप्रिलच्या उन्हाला घाबरून कुत्र्यांचे केस कापणाऱ्या दुकानात नेऊन अंगभर मशीन फिरवून आणलं. तासाभरात काम फत्ते! पण पाठीवरचे रेशमी केस परत आले ते कापसासारखे, सारखे गुंतणारे. नसबंदी झालेल्या कॉकरमध्ये हे जास्तच होतं. शिवाय तासलेल्या पाठीला ऊन थेट लागतं, ते वेगळंच.

घरी कंगव्याने करायचं तर वेळ जातो, खोटं कशाला बोलू. एक दिवसाआड वीस मिनिटं. आधी स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा), मग स्टीलचा कंगवा. ब्रश वरवरून फिरतो आणि आपल्याला वाटतं झालं. कंगवा मुळाशी अडला की खरी गाठ सापडते. कानामागे आणि काखेत हमखास. गाठ अंघोळीआधीच सोडवायची, भिजली की आवळते.

पावसाळा सरला की नाशिकच्या पांडवलेणीकडून फिरून आल्यावर कुसळं निघतात. बोटांच्या बेचक्यात रुतलेलं कुसळ कातडीत शिरतं, म्हणून ते त्याच संध्याकाळी हाताने चाचपून काढावं लागतं. दुकानाची पाळी महिन्याने येते.

मशीन मी टाकून दिलेलं नाही. कानाच्या आतली वरची बाजू तेवढी त्यानेच करते, हवा खेळती राहते. पाठीला मात्र लावत नाही.